आईच्या पंच्याहत्तरीला कण्या वाढाव्यात का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

पुण्यात राहणारे बावन्न वर्षांचे एक वाचक लिहितात: त्यांचं बालपण धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं. जमीन कोरडवाहू, घरात खाणारी तोंडं आठ. सकाळी ज्वारीच्या पिठाची आंबील, दुपारी भाकरी आणि तिखट, रात्री पुष्कळदा ताकातल्या ज्वारीच्या कण्या. हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, गोड माडगं झालं तर चंगळ. आता नोकरी, घर, गाडी सगळं आहे, पण त्या चवी मनातून जात नाहीत. पुढच्या महिन्यात आईची पंच्याहत्तरी आहे. साठेक माणसं बोलावून ‘आठवणीतलं पान’ या नावानं जेवण द्यायचं त्यांनी ठरवलं: आंबील, कण्या, शेंगोळे, अंबाडीची भाजी, मुरमुऱ्यांची सुशीला, शिळ्या भाकरीचा काला, शेवटी गुळाचा कोरा चहा. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “व्याह्यांना कण्या वाढणार? मग मला पाटावर बसवू नका.” दोन दिवस ती नीट बोलली नाही. मोठ्या बहिणीला फोन केला, तर “तुला काय आठवतंय त्यातलं” एवढंच म्हणून तिनं विषय बदलला. बायको म्हणते, हे पान पनीरच्या पानापेक्षा महाग पडतंय. मुलगा आंबील हुंगून बाजूला ठेवतो. वाचक विचारतात: “अन्न साधं होतं, पण त्यात सुख होतं. आईला आता त्या दिवसांची लाज वाटायला लागली आहे का? तिला कसं पटवू? गरिबीत खाल्लेल्या अन्नाचा अभिमान बाळगणं चूक आहे का? आणि मुलांना या चवी कशा लावू?”

उत्तर

नमस्कार.

पत्रात एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात आणि मी तिथेच थांबले. तुमच्या मुलीचं लग्न ठरलंय, आणि नवे व्याही पहिल्यांदाच तुमच्या सगळ्या गोतावळ्यात जेवायला येणार आहेत. तुम्ही पानात काय असेल ते ठरवत होतात. आई पंगतीला कोण बसणार ते बघत होत्या. त्यांच्या पिढीतल्या बाईला व्याह्यांचं पान म्हणजे काय, हे मी सांगायला नको. काय वाढलं, किती आग्रह केला, तुपाचा हात आखडला का, यावरून घराची पत ठरायची आणि त्याचे टोमणे पुढे लेकीला सासरी ऐकावे लागायचे. तुमचे व्याही तसले नसतील, नसोतच. पण नातीच्या सासरच्यांसमोर आपलं घर कुठे उणं दिसू नये, ही काळजी म्हणजे लाज नव्हे. तुम्ही तिला फार लवकर लाजेच्या खात्यात टाकलंत.

आता जरा हिशेब मांडू. तुम्ही बावन्न वर्षांचे, आई पंच्याहत्तरीच्या. म्हणजे तुमचा जन्म १९७३ च्या आगेमागे आणि तेव्हा त्या बावीस-तेवीस वर्षांच्या. गाव धाराशिव जिल्ह्यातलं, जमीन कोरडवाहू. तुमच्या एवढ्या लांब पत्रात दुष्काळाचा उल्लेख एकदाही नाही, म्हणून मला हे लिहावं लागतंय. आधीची दोन वर्षं पाऊस कमीच होता, १९७२ साली त्यानं पाठच फिरवली. खरीप गेलं, पाठोपाठ रब्बीही गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं सरकारनं काढलेल्या दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडणं. त्यात बायांची संख्या मोठी होती. तान्ही पोरं झाडाच्या सावलीत झोळीत टाकून त्या दिवसभर हातोडा चालवत होत्या. कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची आणि रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. त्या वेळच्या बाया अजून सांगतात, मिलोच्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, नसायची. थापताना काठ चिरायचा, तव्यावर टाकताना भाकरी हातात मोडायची, आणि झाली तरी लेकरं ती गिळायला बघायची नाहीत. रोजगार हमीचा कायदा राज्यात १९७७ साली झाला, त्याच्या मुळाशी ही वर्षं आहेत.

तुमच्या आई त्या कामांवर गेल्या होत्या का, मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे का? तुमच्या वेळी त्यांना दिवस गेले होते तेव्हा घरात काय शिजत होतं? मोठी बहीण तेव्हा तीन-चार वर्षांची असेल. तिला स्वतःला आठवत असेल, किंवा पुढे आईच्या तोंडून तिनं ऐकलं असेल. लेकींना आया असल्या गोष्टी सांगतात, लेकांना सहसा सांगत नाहीत. “तुला काय आठवतंय त्यातलं” हा फोनवरचा तुटकपणा मला तरी चिडका वाटला नाही. तिच्याकडे काहीतरी आहे जे तिनं तुम्हाला दिलेलं नाही. आईकडे जाण्याआधी बहिणीकडे जा. फोनवर नको, प्रत्यक्ष.

एका चुलीच्या दोन आठवणी असतात, खाणाऱ्या लेकराची एक आणि रांधणाऱ्या बाईची दुसरी. तुमच्या कण्यांचंच घ्या. तुम्ही फार सुरेख लिहिलंय: गरम कण्या, वर गार ताक, लसणाचा ठेचा, चिमणीचा उजेड. हे सगळं खरं आहे आणि ते तुमचं आहे, कुणी काढून घेणार नाही. पण कण्या का व्हायच्या? ज्वारी जात्यावर भरडायची, चाळून पीठ भाकरीला काढायचं आणि चाळणीत राहिलेला भरडा शिजायला टाकायचा. मूठभर कण्या शिजून पातेलंभर होतात. आठ तोंडांच्या घरात हाच त्यांचा मोठा गुण. त्या पातेल्यात आणखी एक तांब्या पाणी ओतलं तर पोरांच्या लक्षात येईल का, हा विचार पातेल्यासमोर बसलेली बाई रोज करत असणार. तुमच्या आठवणीत त्या कण्यांना चव आहे. त्यांच्या आठवणीत कणगीचा तळ आहे.

पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तुम्ही जेवताय, भावंडं जेवतायत, वडील शेतावरून येऊन जेवतायत, आजोबा आंबील पिताना मिशी पुसतायत. आई वाढतायत. जेवताना त्या एकदाही दिसत नाहीत. त्या कधी जेवायच्या, कुणाबरोबर, त्यांच्या ताटलीत काय असायचं? हे टोचण्यासाठी विचारत नाहीये. आपल्यापैकी बहुतेकांना याचं उत्तर देता येणार नाही, कारण तोवर आपण झोपलेले असायचो.

त्यामुळे “अन्न साधं होतं, पण त्यात सुख होतं” हे तुमचं वाक्य मला अर्धंच पटतं. सुख होतं, कारण कुणीतरी ते तुमच्यापर्यंत पोचवत होतं आणि मधली ओढाताण पोचू देत नव्हतं. आणि साधं? आंबील रात्री आंबवायची, जातं पहाटे फिरवायचं, हुलगे निवडायचे, भाजायचे, भरडायचे, पाणी कोसभरावरून आणायचं. त्या साधेपणामागे एका माणसाचा अख्खा दिवस जायचा.

मग अभिमान बाळगू नये का? खुशाल बाळगा. एवढ्याशा ज्वारीत आठ माणसं जगवण्याची जी अक्कल होती, तिचा अभिमान वाटायलाच हवा. फक्त ती अक्कल ज्यांची, त्यांना विचारल्याशिवाय तिचा जाहीर सोहळा करता येत नाही. शिवाय हल्ली गरिबीतल्या प्रत्येक पदार्थाला ‘पौष्टिक’ची पाटी लावायची पद्धत पडली आहे. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष जाहीर केलं, आपल्याच देशाच्या प्रस्तावावरून, आणि तेव्हापासून तर ज्वारी-बाजरीला फारच मान आला. चांगलंच झालं. पण गरिबांचं सगळंच अन्न चांगलं नव्हतं. लाखेची डाळ महिनोन्‌महिने खाऊन माणसांचे पाय कायमचे लुळे पडलेले आहेत. हुलगे, ज्वारी, अंबाडी ही धान्यं-भाज्या मुळात चांगल्या, म्हणून टिकल्या. त्या भुकेपोटी खाव्या लागल्या, यात गौरवाचं काही नाही.

‘शिळ्या भाकरीचा काला’ या पाटीबद्दलही बोलायला हवं. तुमच्या घरी शिळी भाकरी म्हणजे रात्रीची उरलेली, आपलीच. त्याच गावात अशीही घरं होती जिथे शिळी भाकरी दुसऱ्याच्या वाड्यावरून यायची, पायरीखाली उभं राहून, वरून पदरात टाकलेली. गाव सोडून शहरात आलेल्या पुष्कळांनी मनाशी पहिली शपथ घेतली ती पुन्हा शिळं न खाण्याची. तुमच्या पाहुण्यांत, कचेरीतल्या मित्रांत, कदाचित व्याह्यांकडेही कुणाची आठवण तशी असू शकते. घरच्या घरी कालाच काय, हवं ते खा, मीही खाते. साठ माणसांत, पाटी लावून, कौतुकानं वाढण्याची ती गोष्ट नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बायकोचं म्हणणं. त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि तुम्ही ते ‘खर्चाची कुरकुर’ म्हणून उडवून लावू नका. हे पान आज स्वस्त नाही. रेशनवर गहू आणि तांदूळ मिळतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तो किलोला दोन-तीन रुपयांवर आणला आणि २०२३ च्या जानेवारीपासून फुकट झाला. त्यामुळे गावातली ताटंही बदलली आणि ज्वारीचा पेरा घटत गेला. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, अजून बऱ्याच ठिकाणी हातानं उपटून काढावा लागतो, त्याला मजूर मिळत नाहीत. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगली ज्वारी आज गव्हाहून महाग आहे. हुलग्याचंही तेच. आणि भाकऱ्या थापणार कोण? माणशी दोन धरल्या तरी साठ जणांच्या एकशेवीस भाकऱ्या होतात. बाहेरून घ्याल तर नगावर पैसे. घरी कराल तर कुणाचे खांदे जाणार, हे तुम्हाला ठाऊक आहे, बायकोला जास्त ठाऊक आहे. सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन ‘काय ती चव’ म्हणत आपण उतरतो तेव्हाही चुलीपुढे धुरात बसलेली एक बाई मागे राहिलेलीच असते. जुनं अन्न स्वस्त होतं म्हणजे धान्य स्वस्त होतं, आणि बाईच्या वेळेला किंमत लावायची रीत नव्हती.

तर पंच्याहत्तरीचं काय करायचं? आईंना विचारा, एवढं साधं आहे ते. “त्या दिवशी तुला काय खायला आवडेल आणि लोकांना काय वाढलेलं आवडेल?” उत्तर पुरणपोळी असेल, बुंदी-मठ्ठा असेल, पुरी-बासुंदी असेल. तुम्हाला ते लग्नाच्या हॉलचं जेवण वाटून कंटाळा येईल. पण विचार करा: ज्या घरात गव्हाची पोळी सणालाच व्हायची आणि भात पाहुणा आला तरच शिजायचा, त्या घरातल्या बाईनं आयुष्यभर झटून लेकाला इतकं वर आणलं की आता तिला साठ माणसांना पुरणपोळी आणि वर तुपाची धार वाढता येते. तिच्यासाठी हेच तिच्या पंच्याहत्तर वर्षांचं फळ आहे. तुम्ही नेमकं तेच पानातून काढून त्या जागी कण्या ठेवायला निघालात. त्या रुसल्या त्यात नवल नाही.

आणि एक बारकावा. तुम्ही सगळे जुने पदार्थ एकाच यादीत घातलेत. आईंच्या डोक्यात त्यांचे वेगवेगळे कप्पे असणार. धपाटे, येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्यांचं पीठ) घालून केलेली आमटी, शेंगदाण्याची चटणी, अंबाडीची भाजी यांना आमच्या मराठवाड्यात कुणी गरिबीचं अन्न म्हणत नाही. येसर तर लग्नकार्यात होतो. माडग्याचं काय म्हणाल? तुमच्यासाठीच ती चंगळ होती, बहुधा त्यांच्यासाठीही असेल. कण्या आणि काला मात्र ओढाताणीचे. आंबील मधली, ती कुठे आणि कधी समोर येते त्यावर आहे. ही विभागणी मी अंदाजानं करतेय, खरी तुम्हाला आईच करून देतील. यादी त्यांच्यापुढे ठेवा आणि कशाला हो म्हणतात, कशाला नाक मुरडतात ते नुसतं बघा. पुरणपोळीच्या पानात येसर आमटी आणि अंबाडी त्या स्वतः सुचवतील, असं मला उगाचच वाटतंय. त्यांनी सुचवलं नाही तर तुम्ही घुसडू नका, ‘चवीपुरती एक वाटी’ म्हणूनसुद्धा नाही.

आंबिलीसाठी तुमच्याकडे दुसरा दिवस आहे, आणि धाराशिवच्या माणसाला तो मी सांगावा लागतोय याची गंमत वाटते. वेळ अमावस्या! मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी गावंच्या गावं शेतात जातात, बाजारपेठा ओस पडतात. कडब्याची कोप करून पूजा मांडायची आणि मग भज्जी (भाज्या आणि ओल्या शेंगदाण्यांची एकत्र भाजी), उंडे, खीर आणि मडकंभर आंबील. कोण कुठला वाटसरू असेल त्यालाही हाक मारून बसवायचं. त्या दिवशी आंबील पातळ झाली म्हणून घराची पत जात नाही, उलट कुणाच्या शेतातली आंबील जास्त झणझणीत यावर पैजा लागतात. म्हणजे पदार्थ तोच. ज्वारीही तीच. फक्त तिथे आई ‘बिचारी कशी जगली’ म्हणून दाखवल्या जात नाहीत, त्या शेताच्या मालकीण म्हणून वाढतात. जमीन अजून ठेवली असेल तर या वर्षी व्याह्यांना तिकडे बोलवा. जमीन गेली असेल तर भावकीतल्या कुणाच्या शेतात जाता येईल, नाहीतर पुण्यात घरीच भज्जी-आंबील करा. आमंत्रण आईंनी द्यावं.

त्याआधी त्यांच्याशी बोलणं व्हायला हवं, आणि ते कसं होऊ नये हे आधी सांगते. मोबाईल समोर धरून ‘आई, तुझ्या रेसिप्या सांग, रेकॉर्ड करतो’ असं करू नका. असं विचारलं की बाया चमचा-वाटीचं माप सांगतात आणि बाकी गिळून टाकतात. शेंगा सोलताना, मेथी निवडताना शेजारी बसा. हात कामात असले की तोंड सुटतं. सुरुवात सासरच्या ओढाताणीपासून न करता त्यांच्या माहेरापासून करा: “तुझी आई तुला काय करून घालायची गं?” लहानपणी आवडलेलं खाणं त्यांनाही असेलच की. आपण आईला आठवणींचं कोठार समजतो, पण तिचं स्वतःचं बालपण विचारायचं राहून जातं. कदाचित त्यांच्या पंच्याहत्तरीला शोभणारा ‘आठवणीतला’ पदार्थ तिथेच सापडेल, आणि तो तुमच्या यादीत नसेल. मग कधीतरी विषय निघाला तर, आणि निघाला तरच: “मी पोटात होतो तेव्हा तू काय खायचीस?” सांगितलं तर ऐका, मध्ये ‘पण आम्हाला तर मजा वाटायची’ असं म्हणू नका. नाही सांगितलं तर तो त्यांचा हक्क आहे. पटवायचं म्हणून बोलायला बसू नका. पटवण्यासारखं तिथे काही नाहीच.

तुमची स्वतःची ओढ मात्र खरी आहे आणि ती मारायची गरज नाही. रविवारी सकाळी उठा आणि स्वतः करा. आईंना उठवायचं नाही, बायकोला पीठ कुठे आहे तेही विचारायचं नाही. शनिवारी रात्री वाटीभर ज्वारीचं पीठ आंबट ताकात सरसरीत कालवून झाकून ठेवा. सकाळी जाड बुडाच्या पातेल्यात पाणी उकळा, त्यात ठेचलेला लसूण, जिरं, मीठ घाला. मग एका हातानं कालवलेलं पीठ धारेनं सोडायचं आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच म्हणून समजा. आच मंद ठेवा. आधी कच्च्या पिठाचा वास येतो, मग तो जाऊन भाकरी भाजल्यासारखा वास यायला लागतो, मिश्रणाला चकाकी येते, बुडबुडे जड होऊन फुटतात. तेव्हा उतरवा. गार झाल्यावर ताक घालून हवी तितकी पातळ करा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर वरून. पहिल्या खेपेला गुठळ्या होतील, हात भाजेल, पातेलं खाली लागेल. ते घासायचंही तुम्हीच. भाकरीला हात घालणार असाल तर पीठ ताजं दळून आणा, आठ-दहा दिवसांचं झालं की त्याची विरी जाते आणि नवशिक्याला ते दाद देत नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन “अरे, पाणी आधण आलेलं घे, असलं कोमट काय घेतोस” म्हणाल्या, तर गप्प राहून आधणाचं पाणी घ्या.

मुलांचं फार मनावर घेऊ नका. एकोणीस वर्षांच्या मुलाला आंबलेल्या पिठाचा वास पहिल्या घोटात आवडावा ही अपेक्षाच जास्तीची आहे. तुम्हाला ती आवडते कारण तुम्ही चालायच्या आधीपासून ती पीत होता. त्याला त्याच्या वयाची चव द्या. दह्याबरोबर गरम धपाटं कुणी नाकारल्याचं मी ऐकलेलं नाही. हुलग्याचे शेंगोळे भरपूर लसूण घालून करा. ज्याला नूडल्स चालतात त्याला शेंगोळे चालायला हरकत नसावी. एकच पथ्य पाळा: ताटासोबत भाषण वाढू नका. ‘आमच्या वेळी हे मिळालं तरी नशीब’ हे वाक्य ऐकत कुणालाही घास गोड लागत नाही. आणि हेही मान्य करा की त्याला तीस वर्षांनी गहिवरून आठवेल ते वेगळंच असेल, कॉलेजबाहेरचा वडापाव किंवा परीक्षेच्या रात्री बहिणीनं करून दिलेली मॅगी.

तुमच्यासारखंच ज्यांना वाटतं पण खिसा आवरून वाटतं, विशेषतः शहरात खोली घेऊन राहणारी मुलं, त्यांच्यासाठी थोडं. लहानपणच्या सगळ्या चवी महाग झालेल्या नाहीत. सुशीला अजून स्वस्त आहे: मुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीत परतायचे, डाळव्याची पूड भुरभुरायची, लिंबू पिळायचं. दहा मिनिटांत पोट भरतं. रात्रीच्या पोळ्या उरल्या तर सकाळी कुस्करून फोडणीची पोळी. उरलेल्या वरणात कणकेची फळं सोडली की वरणफळं, वर तूप असेल तर राजेशाही. पिठल्याला बेसन, कांदा, लसूण यापलीकडे काही लागत नाही. ज्वारी परवडत नसेल तर पिठलं भाताशी खा, कोकणात कुळथाची पिठी भाताशीच खातात आणि कुळीथ म्हणजे आपले हुलगेच. हुलग्याचं भाजलेलं पीठ एकदा गावाकडून आणून ठेवलं तर महिनाभर पुरतं: गुळाच्या पाण्यात शिजवून, चिमूटभर सुंठ, असेल तर दूध, झालं माडगं. थंडीत रात्री याच्यासारखं दुसरं काही नाही. मात्र गावाकडे आईला फोन करून ‘पीठ पाठव’ म्हणताना हुलगे विकत आणायचे आणि गिरणीचे पैसेही पाठवा.

आता तुमच्या कामाचं. निमंत्रणं अजून गेली नसतील तर ‘आठवणीतलं पान’ ही ओळ काढून टाका. गेली असतील तर कुणाला खुलासा देत बसू नका, लोक जेवणाचं नाव विसरतात. केटररला आगाऊ रक्कम दिली असेल तर आजच फोन करून पान बदलायचं सांगा, एवढे दिवस हातात असताना ते सहसा नाही म्हणत नाहीत. पुरणपोळी ठरली तर ती समोर भाजून गरम वाढणारा आचारी मागा, आणि व्याह्यांच्या पंगतीत तुपाची वाटी घेऊन तुम्ही स्वतः फिरा.